हिव उतरलं का शिंका सुरू, हे थंडीचं हाय का झाडाचं?

कोठ्यावरचा_पोट्टा (दारव्हा तालुका)

राम राम मंडळी, लय दिवसापासून नुसतं वाचतो, लिवतो पहिल्यांदा. थोडं लांबन, सांभाळून घ्या.

मले दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी शिंका लागते. एक-दोन नाई, एका दमात पंधरा-वीस. नाकातून नुसतं पाणी, डोळे खाजवू खाजवू लाल, टाळूले आतून अशी खाज सुटते का जिभेनं खरवडत बसा लागते. ताप नाई, अंग दुखत नाई. घरी सगळे म्हणते हिव बाधलं. माय म्हणते कानाले रुमाल बांधत नाई म्हणून होते. आता मजा पाहा, जवा खरं हिव रायते, म्हणजे डिसेंबर अन् जानेवारीचे पहिले पंधरा दिवस, तवा मी रात्रीच्या लाईनीवर हरभऱ्याले पाणी देतो. रात्री दोन वाजता चिखलात अनवाणी उभा रायतो, बोटं वाकडी होते, दात वाजते, पण एक शिंक येत नाई. अन् संक्रांत गेली, दुपारचं ऊन जरा चटकाले लागलं, लोकं स्वेटर काढून खांद्यावर टाकाले लागले का माझं सुरू. मंग ते होळीच्या आगंमागं पर्यंत चालते अन् आपोआप बंद होते. मंग थंडी बाधली कशी म्हणाव? थंडी तर गेली ना बापा!

औंदा अजून एक पाह्यलं. मागच्या साली हिव लवकर गेलं तर माझं जानेवारीतच सुरू झालतं. औंदा हिव लांबलं, तर फेब्रुवारीची पाच-सहा तारीख उजाडली तरी मी ठणठणीत होतो, मले वाटलं सुटलो एकदाचा. तर चार दिवस ऊन पडलं अन् असं धरलं का मागच्या साली होतं त्याच्या दुप्पट. सकाळी उठल्यावर बरं रायते, दहा-अकराले वावरात गेलो का सुरू, दुपारून जरा कमी, अन् पुन्हा दिवस बुडता बुडता कोठ्यावर गुरं बांधाले गेलो का सुरू.

आमच्या धुऱ्यावर दोन जुने पळस हाय. बुढा म्हणते पळस फुलला का तुले धरते, बरोबर त्याच टायमाले, तोडून टाकू. टायम तर खरंच जुळते. तर कोणाले माहीत हाय का, पळसानं असं होते का? अन् हिवाचा अन् याचा काय संबंध?

नुसतं_बसलो (वर्धा)

पळस तोडू नका राज्या, होळीले रंग काय पेंटच्या डब्यातून आणता का. बाकी उत्तर जाणकार देतील, मी बसलो वाचत.

तुरीचं_खळं (कारंजा लाड)

भाऊ माझं ऐका, झाडबिड काई नाई. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे तूर काढाचा टायम. गावात चार-चार थ्रेशर सुरू असते, ते कुटार उडते ते काय कमी आहे का? मी स्वतः थ्रेशरवर उभा राहिलो का रात्रभर खोकतो, थुंकी काळी पडते. वरतून पऱ्हाट्या पेटवतात लोकं, त्याचा धूर. धूर अन् कुटार, दुसरं काई नाई.

झाडीपट्टी_पायवाट (नागभीड)

कोठ्यावरचे भाऊ, आधी पळसाची सुटका करतो मग बाकीचं बोलतो. मी वनखात्यात बीटवर नोकरी केली, आता रिटायर आहे, तब्बेतीनं वाचा कारण मीही लांबच लिहितो.

साधा हिशेब असा आहे की ज्या झाडाचं फूल डोळ्यात भरते, त्याच्यावर संशय कमी घ्यायचा. पळस, काटेसावर, पांगारा यांची फुलं लालभडक कशाला असतात? पाखरं बोलवायला. पळसाच्या झाडाखाली सकाळी उभे राहून पाहा, साळुंक्या, कोतवाल, शिंजीर यांची जत्रा असते, मधासाठी भांडणं चालतात. त्यांचा पराग जड अन् चिकट असतो, पाखराच्या डोक्याला चिकटून दुसऱ्या फुलावर जातो, हवेत उडायचं त्याला कामच नाही. नाकापर्यंत येतो तो वाऱ्यावर सोडलेला पराग, कोरडा अन् हलका, अन् तो सोडणाऱ्या झाडाचं फूल तुम्हाला दिसतच नाही. वाऱ्याला काय डोळे आहेत? त्याच्यासाठी नटायची गरज नाही. मात्र नेम नसल्यामुळे असं झाड पराग सोडते तो भरमसाठ सोडते, लाखातला एखादा कण लागला तरी काम झालं. एक कण मिलिमीटरच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढा. डोळ्याला दिसणार कसा?

तर मग पळसाच्याच वेळेला गुपचूप फुलणारं झाड कोणतं? माझा संशय वावळावर आहे. वावळ, वावळा म्हणतात, काही गावात पापडा. नाल्याच्या काठानं, देवळामागं, जुन्या रस्त्याच्या कडेनं असतेच. साल राखाडी, पान चुरलं की वास घाण येते. ओळख सांगतो, मार्च-एप्रिलात त्याच्याखाली पापडासारख्या गोल पातळ चकत्यांचा सडा पडतो, मधात एक बी असते, लहानपणी आपण ती चारोळीसारखी सोलून खाल्ली आहे. लोकांना त्या उडणाऱ्या चकत्या दिसतात अन् लोकं त्यांना दोष देतात, सावरीच्या कापसाला देतात तसाच. पण चकती म्हणजे फळ, तोपर्यंत परागाचं काम उरकलेलं असते. खरा खेळ त्याच्या महिनाभर आधी, झाड पूर्ण निष्पर्ण असताना, काडीकाडीला तपकिरी-हिरवट बारीक झुबके लागतात तेव्हा होऊन जातो. खालून पाहिलं तर वाटते झाड वाळलं. आपल्या देशात ज्या झाडांच्या परागाची अॅलर्जी डॉक्टर लोक नेहमी तपासतात त्यात हे वावळ वरच्या नंबरात आहे, अन् वेडी बाभूळही.

आता हिवाचं. निष्पर्ण असणं हा त्या झाडाचा डाव आहे. पानं असली असती तर निम्मा पराग पानांवरच अडकला असता. हिवाळ्यात जमिनीतली ओल उतरते, रात्री थंड पडतात, झाड पानं झाडून टाकते अन् कळ्या तयार ठेवून थांबते. ऊन वाढलं की सोडते. मी नोकरीत असताना डायरी लिहायचो, तिच्यात पाहिलं तर हिव लवकर उतरलं त्या साली वावळ लवकर फुललं, लांबलं त्या साली उशिरा, पण उशिराच्या साली सगळी झाडं एकदम फुटली. लवकरच्या साली कसं, आज नाल्यातलं, आठ दिवसांनी टेकडीवरचं, असं हप्त्या-हप्त्यानं चालायचं. तुम्हाला औंदा दुप्पट धरलं त्याचं कारण हेच असावं असं मला वाटते. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरला पारा ३.५ वर गेलता, आमच्याकडे शेकोटी सोडवत नव्हती, त्या साली पण असंच एकदम फुटलेलं लिहून ठेवलं आहे.

थ्रेशरवाले भाऊंचं खोटं नाही. पण ते थ्रेशरवर खोकतात, हे भाऊ धुऱ्यावर शिंकतात अन् डोळे खाजवतात. खोकला अन् काळी थुंकी धुळीची, खाज अन् पाणी बहुतेक वेळा अॅलर्जीचं. दोन्ही एका माणसाला एका दिवशी होऊ शकते हा भाग वेगळा.

कोठ्यावरचा_पोट्टा

काका, कोठ्याच्या मागं नाला हाय अन् नाल्यावर तसलंच एक लय मोठं झाड हाय!! आम्ही त्याले पापडा म्हणतो, लहानपणी खाल्ले त्याचे पापडे. पण ते तर वाळल्यासारखं उभं हाय आता, त्याच्याकडं कोणाचं ध्यानच नाई. उद्या पाहून येतो. पण मंग सकाळी काऊन बरं वाटते अन् दिवस बुडता काऊन पुन्हा सुरू होते?

पुसद_ते_ऑस्टिन

मी मूळचा पुसदचा, आता टेक्सासात ऑस्टिनला राहतो, अन् हा धागा वाचून मला इतकं हसू आलं की काय सांगू, कारण इथं येऊन मला सगळ्यात आधी काय झालं असेल तर हेच. इथं डोंगराळ भागात एक जुनिपर आहे, लोकं त्याला माउंटन सीडर म्हणतात, आपल्या सुरूच्या झाडासारखा काटक्या-काटक्यांचा पाला. हे येडं झाड ऐन हिवाळ्यात पराग सोडते, डिसेंबरच्या मध्यापासून सुरू, जानेवारीत कळस. सगळं जग थंडीत गप्प असते अन् हे नर झाड पिवळं-केशरी होऊन बसते. उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की आधी थोडा पाऊस, मग आभाळ साफ, हवा एकदम कोरडी अन् जोराचा वारा, अन् त्या कोरड्या हवेत त्याच्या बारीक शंकूंची तोंडं उघडतात अन् झाडातून धूर निघाल्यासारखा पराग उडतो. खरंच धूर वाटते, लोकं आग लागली समजून फायर ब्रिगेडला फोन करतात. इथं त्याला सीडर फीवर म्हणतात, नाव फीवर पण ताप नसतो, भाऊंसारखंच.

म्हणजे इथं उलटं आहे, थंडीची लाटच पराग घेऊन येते. पण खोलात गेलं तर थंडी हे कारण नाही, कोरडी हवा अन् वारा हे कारण आहे. तुमची सकाळ अन् संध्याकाळ त्याच्यातच बसते. सकाळी दव असते, परागाची पिशवी ओली, ती उघडत नाही अन् उघडली तरी कण ओलसर होऊन खाली बसतो. नऊ-दहाला ऊन लागलं, दव उडालं, की पिशव्या फुटतात. दुपारी जमीन तापते, गरम हवा वर चढते अन् पराग सोबत नेते, वर पसरून पातळ होतो म्हणून तुम्हाला जरा आराम. आता दिवस बुडाला. हिवाळ्यात आभाळ साफ असते, जमीन पटकन गार पडते, जमिनीलगत थंड हवा अन् तिच्यावर गरम हवेचं झाकण. गावावर संध्याकाळी शेकोटीचा अन् चुलीचा धूर कसा सपाट रेघ मारल्यासारखा लटकून राहते पाहिलं असेल, ते ह्याच झाकणामुळे. वारा पडला की दिवसभर उडालेलं सगळं खाली बसायला लागते अन् त्या झाकणाखाली तुम्ही, गुरं, धूर अन् पराग, सगळे एका खोलीत.

थंड देशात अजून एक भानगड असते. युरोपात बर्च, हेझल अशी झाडं हिवाळ्यात झोपतात अन् त्यांना अमुक इतकी थंडी खाल्ल्याशिवाय जागच येत नाही. थंडी पुरली, मग पुढं ऊब साठत गेली, की फुलतात. हेझल तर हिवाळा सौम्य गेला की जानेवारीतच उठून बसते. जपानात सुगी नावाच्या झाडाची महायुद्धानंतर इतकी लागवड केली की आता फेब्रुवारी ते एप्रिल अर्धा देश मास्क लावून फिरते, अन् तिथं पराग किती येणार हे आदल्या उन्हाळ्यातच ठरते, उन्हाळा कडक गेला की नर फुलं जास्त. अमेरिका-कॅनडाचं १९९० ते २०१८ चं मोजमाप आहे, तेवढ्या काळात परागाचा हंगाम सुमारे २० दिवस अलीकडे सरकला अन् पराग २१ टक्के वाढला, अन् त्यात वाढत्या उष्णतेचा मोठा हात निघाला. तात्पर्य कसलं काढायचं नाही मला, पण माझी आई अजून फोनवर म्हणते कान बांध म्हणून.

औषधीवाली_ताई (परतवाडा)

माझं मेडिकल आहे, डी.फार्म केलंय, डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण फेब्रुवारीत काउंटरवर रोज असे वीस जण येतात म्हणून लिहिते.

भाऊ, तुम्ही जे सांगितलं ना, खाज, पाणी, सलग शिंका, ताप नाही, दरवर्षी तोच महिना, दोन हप्त्याच्या वर चालणं, हे साध्या सर्दीत बसत नाही. सर्दी आठ-दहा दिवसांत आटोपते, नाकातलं घट्ट होते, घरात एकापासून दुसऱ्याला जाते. तुमच्या घरात बाकी कोणाला होत नाही ना? अन् थंड हवेनं पण नाक गळते काहींचं, पण त्यात डोळे खाजत नाहीत.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. गावात कोणी तरी सुई टोचून देते, दोन तासात नाक बंद, माणूस खूश, अन् पुढच्या हप्त्यात पुन्हा सुई. त्या सुईत कधी कधी स्टेरॉइड असते अन् दर हंगामात चार-पाच सुया म्हणजे साखर, बीपी, हाडं सगळ्याचा खेळ. विचारत जा सुईत काय आहे ते, लाजू नका. दुसरं म्हणजे सर्दीची म्हणून अँटिबायोटिक मागतात, परागावर अँटिबायोटिक काय करणार बापा, तो काय जंतू आहे का.

नाकात मारायचा स्प्रे असतो, त्यातही स्टेरॉइडच असते पण अगदी थोडं अन् नाकापुरतं, सुईसारखं अंगभर जात नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्या. पण लोकं दोन दिवस मारतात, फरक पडला नाही म्हणून फेकतात. त्याला आठ-पंधरा दिवस रोज मारावं लागते तेव्हा तो पूर्ण धरतो. म्हणून ज्यांचा महिना ठरलेला आहे त्यांना डॉक्टर हंगामाच्या दोन हप्ते आधीपासून सुरू करायला सांगतात. आता तुमची पंचाईत ही की हंगाम हिवावर अवलंबून, संक्रांतीला धरून चाललं तर औंदासारखं फसायला होते. त्यापेक्षा झाडावर नजर ठेवा, पानं पूर्ण गळाली अन् काडीला गाठी दिसल्या की सुरू. सिट्रिझिनच्या गोळीनं झोप येते, ती घेऊन ट्रॅक्टर किंवा थ्रेशरवर चढू नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

फुकटचे उपाय पण करा. वावरातून आल्यावर तोंड, मिशी, डोक्याचे केस धुवा, डोक्यावरचा दुपट्टा घरात घेऊन झोपू नका, तो परागानं भरलेला असते. कपडे अंगणात दिवसभर वाळत ठेवण्यापेक्षा घरात वाळवा तेवढा महिना. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुतलं तर लय बरं वाटते, पण पाणी उकळलेलंच पाहिजे, हापशीचं तसंच नको. अन् हो, छातीत घरघर किंवा दम लागत असेल तर हे सगळं सोडून दवाखान्यात जा. माघा-फाल्गुनात वीज-वाऱ्याचा अवकाळी येते ना, तेव्हा दम्याच्या माणसानं घरात राहावं. साध्या पावसानं पराग धुऊन जाते पण वादळात तो कण पाण्यानं फुगून फुटते अन् त्याचा चुरा नाकात न अडकता सरळ फुप्फुसात जाते. मेलबर्नला २०१६ च्या नोव्हेंबरात असंच झालं होतं, तिथं गवताचा पराग होता, एका संध्याकाळी हजारो लोकं दवाखान्यात आले अन् दहा माणसं गेली.

तुरीचं_खळं

ताई ते सगळं ठीक, पण मग आंब्याच्या मोहोराचं काय? आमच्या घरच्यांना मोहोर आला का त्रास होते. तो पण थंडीवरच येते ना?

झाडीपट्टी_पायवाट

मोहोर थंडीवर येते हे बरोबर, रात्री गार पडल्याशिवाय आंबा मोहोरत नाही, उबदार हिवाळ्यात नुसती पालवी फुटते अन् बागवाले डोक्याला हात लावतात. पण मोहोराचं काम माशा अन् किडे करतात, पराग फार उडत नाही. झाडाखालीच खाट टाकून झोपत असाल तर उग्र वासानं नाक चुरचुरेल, गावभर नाही. घरच्यांना आंब्याखाली न जाता पण होत असेल तर आजूबाजूला दुसरं कोणतं झाड आहे ते शोधा. अन् गाजरगवत विसरू नका. ओल मिळाली की ते बारा महिने फुलते, ओलिताच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावर तर हमखास. अंगाला लागलं तर कातडी उठते, परागानं नाक पण धरते. ते मात्र खुशाल उपटा, हातात मोजे घालून, फुलावर यायच्या आधी.

नुसतं_बसलो

म्हणजे पळस निर्दोष सुटला. पार्टी कोण देते?

कोठ्यावरचा_पोट्टा

दहा-बारा दिवसांनी लिवून रायलो, माफ करा, हरभरा सोंगाले आला होता.

नाल्यावरच्या पापड्याखाली गेल्तो. काका म्हणे तसंच, एक पान नाई, अन् काडीकाडीले ते झुबके. एक फांदी काठीनं ठोकली तर उन्हात बारीक पिवळट भुकटी उडाली, अन् पुढचं सांगत नाई, घरापर्यंत रस्ता दिसला नाई मले. बुढ्याले म्हटलं पळसाचं नाव घेऊ नका आता. तर त्यानं लगेच कुऱ्हाड पापड्याकडं वळवली! म्हटलं हे एक तोडलं तर नाल्यानं पुढं अजून आठ-नऊ हाय, अन् दुसऱ्याच्या हद्दीतले, कुठं कुठं तोडान. अन् उन्हाळ्यात गुरं त्याच्याच सावलीत बसते. मंग गुरं बांधाची जागाच बदलली. एवढा दीड महिना त्याहीले घराजवळच्या कडुनिंबाखाली बांधतो, अन् दिवस बुडाच्या आधीच बांधून घेतो. फरक हाय, अर्धा तरी हाय. तालुक्याच्या डॉक्टरले दाखवलं, स्प्रे देल्ला, टोचून तपासणी कराची असन तर आधी आठवडाभर त्या शिंकाच्या गोळ्या बंद कराव्या लागते म्हणे, ते हंगाम गेल्यावर पाहू.

काकाच्या डायरीसारखी वही केली. पहिल्या पानावर लिवलं, हिव कधी उतरलं, पापडा कधी फुटला, पहिली शिंक कधी. थ्रेशर गावात कधी होता ते बी लिवलं, कारंज्याच्या भाऊसाठी. मायले सगळं समजावून सांगितलं, तिनं सगळं ऐकलं, अन् म्हणे ते सगळं बरोबर असन, पण कान बांधाले काय जाते?

झाडीपट्टी_पायवाट

कडुनिंब मार्च-एप्रिलात फुलते बरं का, वहीत ते पण लिहा.

कोठ्यावरचा_पोट्टा

काका आता मी गुरं घरात बांधू का??